कोणाशी कोणती भाषा, हे पहिल्या वाक्यात ठरतं

पत्र

ताई, आम्ही मूळचे नाशिकचे. तीन वर्षांपूर्वी वेल्सच्या वायव्येला, कायर्नारव्हनजवळच्या एका गावात राहायला आलो. मी एका केअर होममध्ये नर्स आहे, नवरा घरूनच कॉम्प्युटरचं काम करतो. सात वर्षांची मुलगी इथल्या शाळेत दीड वर्षात घडाघडा वेल्श, म्हणजे इथली मूळ भाषा, बोलायला लागली. मी मात्र अडकले आहे. मोबाइलवरच्या अ‍ॅपवर चारशे दिवस न चुकता धडे केले. सप्टेंबरपासून आठवड्यातून एकदा वर्गालाही जाते. पण दुकानात मी वेल्शमध्ये काही मागितलं की समोरची व्यक्ती लगेच इंग्रजीत उत्तर देते. स्टाफरूममध्ये सगळ्या जणी वेल्शमध्ये गप्पा मारत असतात आणि मी दार उघडलं की गप्पा इंग्रजीत सुरू होतात. मला अपराधी वाटतं, थोडं अपमानासारखंही वाटतं. नवरा म्हणतो, 'इथे प्रत्येकाला इंग्रजी येतं, मग हा खटाटोप कशाला? तेवढ्या वेळात पोरीला मराठी वाचायला शिकव.' त्याचंही खोटं नाही.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. आमच्याकडे ८८ वर्षांच्या एक आजी आहेत, त्यांना आता फारसं काही आठवत नाही. रात्रपाळीला त्या सारख्या म्हणतात, 'दुइशो मिन्द आद्रा.' मला घरी जायचंय. मला वाक्य कळलं, आणि मी उत्तर इंग्रजीत दिलं. त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. मी हे शिकणं चालू ठेवू का? आणि ठेवायचं तर रोजच्या जगण्यात ही भाषा आणू कशी?

— एक नर्स, ग्विनेद

उत्तर

चालू ठेवा. हे आधी सांगून टाकते, म्हणजे बाकीचं निवांत वाचाल.

मी तुमच्यापासून दक्षिणेला, अबेरिस्टविथच्या बाजूला एकोणीस वर्षं राहते आहे. सांगलीहून आले तेव्हा वेल्श नावाची भाषा अजून बोलली जाते हेही मला माहीत नव्हतं. त्यामुळे तुम्ही जे सोसताय ते मी सगळं सोसलेलं आहे. दुकानातलं ते इंग्रजी उत्तर तर फार वर्षं.

आधी त्याच्याबद्दलच बोलू. आपण पुण्या-मुंबईत काय करतो ते आठवा. रिक्षाला हात करतो, चालक कोण, कुठला, काही माहीत नसतं, आणि तोंडातून आपोआप निघतं, 'भैया, स्टेशन चलोगे?' अर्ध्या वाटेत त्याला आईचा फोन येतो आणि तो अस्सल सातारी मराठीत बोलायला लागतो. किंवा एखादा परप्रांतातला माणूस मोठ्या हौसेने मराठीत बोलायला सुरुवात करतो, दुसऱ्या वाक्यात अडखळतो, आणि आपण त्याला त्रास नको म्हणून पटकन हिंदीवर येतो. त्याचा अपमान करावा असं आपल्या मनात कुठेच नसतं. उलट आपण त्याची सोय बघत असतो. पण तो बिचारा घरी जाऊन बायकोला सांगत असेल, 'माझं मराठी इतकं वाईट आहे की कोणी ऐकूनच घेत नाही.'

कायर्नारव्हनच्या बेकरीतली बाई तुमच्याशी नेमकं हेच करते आहे. फरक एवढाच की आता रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला तुम्ही उभ्या आहात.

तिची सवय मात्र आपल्यापेक्षा खूप जुनी आहे आणि तिच्यामागे पुष्कळ काही घडलेलं आहे. १५३६ च्या कायद्याने वेल्समध्ये न्यायालयाची आणि सरकारी पदांची भाषा इंग्रजी झाली. एकोणिसाव्या शतकात कित्येक शाळांत वेल्श बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवत. दुसरं कोणी वेल्श बोललं की तो तुकडा त्याच्या गळ्यात जाई आणि दिवस संपताना ज्याच्याकडे उरे त्याला शिक्षा होई. १९११ च्या जनगणनेत वेल्श बोलणारे दहा लाखांच्या जवळपास होते. २०२१ मध्ये ते ५,३८,३०० भरले, म्हणजे तीन वर्षांवरच्या लोकसंख्येच्या १७.८ टक्के. तुमच्या ग्विनेद काउंटीत ते प्रमाण ६४.४ टक्के आहे, देशात सर्वांत जास्त. शिकायला याहून चांगली जागा दुसरी नाही, आणि तुम्ही नशिबाने तिथेच येऊन पडला आहात.

एका जोडप्याची गोष्ट मात्र तुम्हाला सविस्तर सांगायला हवी, कारण ती तुमच्या त्या आजींच्या काळातली आहे. दक्षिणेला, ल्लानेल्ली शहराजवळ ल्लानगेनेख नावाचं गाव आहे. तिथे आयलीन आणि ट्रेवोर बीस्ली राहत. ट्रेवोर खाणकामगार, आयलीन शिक्षिका. त्या भागात बहुतेक सगळे वेल्श बोलणारे होते, कौन्सिलवर निवडून आलेले लोकसुद्धा. तरी घरपट्टीचं बिल यायचं ते फक्त इंग्रजीत. १९५२ मध्ये या दोघांनी सांगितलं की बिल वेल्शमध्ये मिळेपर्यंत आम्ही पैसे भरणार नाही. त्यांना डझनाहून जास्त वेळा कोर्टात उभं केलं. जप्तीवाले घरात शिरून सामान उचलून घेऊन गेले, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. लहान मुलं असलेलं घर होतं ते. आठ वर्षांनी, १९६० मध्ये, दोन्ही भाषांतलं बिल त्यांच्या हातात आलं. १९६२ च्या फेब्रुवारीत वेल्श लेखक सॉन्डर्स लुईस यांनी रेडिओवरून भाषेच्या भवितव्यावर व्याख्यान दिलं, त्यात या जोडप्याचं उदाहरण होतं. त्याच वर्षी वेल्श भाषेसाठी लढणारी संघटना उभी राहिली, आणि १९६३ मध्ये तिच्या तरुण कार्यकर्त्यांनी आमच्या अबेरिस्टविथच्या ट्रेवेखन पुलावर बसून वाहतूक अडवली. त्या पुलावरून मी आठवड्यातून दोनदा तरी जाते, आणि दर वेळी ते सामान उचलून नेलेलं घर आठवतं.

आता हिशेब करा. बीस्लींनी बिल परत पाठवलं तेव्हा तुमच्या आजी पंधराएक वर्षांच्या असतील. त्यांच्या सगळ्या तरुणपणात कर, बँक, कोर्ट, इस्पितळ हे इंग्रजीत होतं. घर, चॅपल, शेजार आणि शेत हे वेल्शमध्ये होतं. गणवेशातलं माणूस समोर आलं की इंग्रजी बोलायचं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं आहे. २०११ च्या कायद्याने वेल्शला अधिकृत दर्जा दिला, सरकारी कार्यालयांवर बंधनं घातली, पण अंगात मुरलेलं कायद्याने लगेच निघत नाही. तुमच्या अंगावर नर्सचा गणवेश आहे आणि चेहरा दूर देशाचा. बेकरीतल्या बाईला आणि त्या आजींना दोघींनाही वाटतं की तुमच्याशी इंग्रजी बोलणं हाच शिष्टाचार. तुम्हाला तो समज पुसायचा आहे. शब्दसंग्रह वाढवण्याचं काम त्यानंतरचं.

आणि तो पुसायची वेळ म्हणजे भेटीचं पहिलं वाक्य. माझ्या इतक्या वर्षांच्या राहण्यातून मला एवढी एकच गोष्ट पक्की कळली आहे. दोन माणसं पहिल्यांदा भेटली की दोन मिनिटांत त्यांच्यात भाषा ठरून जाते, आणि मग ती सुटता सुटत नाही. मराठीत 'तू' आणि 'तुम्ही'चं तसंच आहे ना? ज्यांना वीस वर्षं 'तुम्ही' म्हटलं त्यांना एका सकाळी 'तू' म्हणून बघा.

म्हणून नव्या माणसाला भेटताना 'बोरे दा', म्हणजे सुप्रभात, एवढं म्हणून थांबू नका. बोरे दा तर पर्यटकही म्हणतात. त्याला जोडून लगेच म्हणा, 'दु इन दस्गी कम्राइग', मी वेल्श शिकते आहे, आणि 'शारादुख अन आरव, प्लीस', सावकाश बोला. ही दोन वाक्यं आरशासमोर इतक्या वेळा म्हणा की ती म्हणताना विचार करावा लागणार नाही. पहिलं वाक्य समोरच्याला परवानगी देतं आणि दुसरं त्याला काम देतं. माणसाला काम दिलं की तो इंग्रजीकडे पळत नाही. तरीही पळाला, तर तुम्ही वेल्शमध्येच पुढचं वाक्य बोला. तीनदा. त्याहून जास्त ताणू नका. मागे रांग असेल तर एकदाच.

कामावर गणवेशाला बिल्ला लावा. नारिंगी रंगाचा, बोलण्याच्या फुग्यासारखा, तुम्ही नक्कीच पाहिला असेल. वेल्श बोलणाऱ्यांसाठी आहे तसा शिकणाऱ्यांसाठी वेगळाही मिळतो. मी तो फार उशिरा लावला. 'लोक बोलायला लागले आणि मला काही आलं नाही तर?' या भीतीने वर्ष घालवलं. ते वर्ष आजही मला खुपतं.

आता ज्यांच्याशी आधीच इंग्रजी ठरून गेलं आहे त्यांचं काय? हे अवघड आहे आणि मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. माझ्या शेजारी एक बाई होत्या, वयाने माझ्या आईएवढ्या. त्यांच्याशी मी सहा वर्षं इंग्रजीत बोलले. मग मला बऱ्यापैकी वेल्श यायला लागल्यावर एके दिवशी ठरवून त्यांच्या स्वयंपाकघरात बसून वेल्शमध्ये सुरुवात केली. दोघींनाही इतकं अवघडल्यासारखं झालं की चहा संपायच्या आत आम्ही इंग्रजीवर परतलो. महिन्याभराने पुन्हा तेच. मग त्यांनीच तोडगा काढला. म्हणाल्या, कुंपणाशी वेल्श बोलू, घरात इंग्रजी. आमच्या दोघींच्या परसांमध्ये एक खुजं कुंपण होतं. तिथे तातुस म्हणजे बटाटे, फा म्हणजे शेंगा, पाऊस, गोगलगायी, एवढेच विषय. जागा वेगळी आणि विषय ठरावीक, त्यामुळे आधीची सहा वर्षं आड आली नाहीत. दोन उन्हाळे तसे गेले. तिसऱ्या वर्षी पावसाने कुंपणाशी उभं राहवेना म्हणून आम्ही बोलत बोलत घरात शिरलो, आणि आत गेल्यावरही वेल्शच चालू राहिलं. दोघींपैकी कोणीच त्यावर बोललं नाही.

तुम्हीही अशी एक जागा शोधा. स्टाफरूममधल्या सगळ्याजणींना एकदम बदलायला जाऊ नका. जिचा स्वभाव सावकाश आहे, जी तुमच्याशी मनापासून बोलते, अशी एकच निवडा आणि तिला सांगा की पानद घेताना आपण वेल्शमध्येच बोलायचं. पानद म्हणजे चहाचा कप. तुमच्या भागात दिवसाची सुरुवात 'पानद' या शब्दाने होते आणि शेवटही त्यानेच. दहा मिनिटं पुरेत. तिच्याशी इंग्रजी शब्द आला तरी वाक्य वेल्श राहू द्या.

आणि बाकीच्याजणी तुम्ही आत आल्यावर थांबतात ना? त्यांना म्हणा, 'कारिउख अम्लाइन', चालू राहू दे. मग शांत बसून ऐका. अर्धं कळेल, अर्धं नाही. मधेच तुम्हाला काही बोलायचं असेल तर सुरुवातीला इंग्रजीत बोला, त्या वेल्शमध्ये उत्तर देतील. एकीने एका भाषेत आणि दुसरीने दुसऱ्या भाषेत बोलायला काहीही हरकत नाही, इथल्या कितीतरी घरांत आजी-नातवंडांचं असंच चालतं. तुमच्यामुळे त्यांची भाषा बंद पडते हे जे ओझं तुम्हाला वाटतं, ते या एका वाक्याने उतरेल. माझ्या अनुभवात हे वाक्य ऐकून कोणीही नाराज झालेलं नाही. बायकांचे चेहरे खुलतात.

व्याकरणाची भीती तुम्ही पत्रात लिहिली नाहीत, पण ओळींच्या मधून ती दिसते. चारशे दिवस अ‍ॅप करणाऱ्यांना ती असतेच, कारण अ‍ॅप चूक लाल रंगात दाखवतं. शब्दांची पहिली अक्षरं बदलतात ना, त्याने माणूस हैराण होतो. बँगोर गावात म्हणायचं तर 'अम मांगोर', बँगोरला म्हणायचं तर 'इ वांगोर'. खुद्द देशाच्या नावाचं, 'कम्री'चं, स्वागताच्या पाटीवर 'ग्म्री' होतं. इंग्रजी माणसाला हे भयंकर वाटतं. तुम्हाला का वाटावं? आपण पुणे गावाला 'पुण्याला' म्हणतो, घोड्याला 'घोडाला' म्हणत नाही. सामान्यरूप शिकवताना आपल्याला कोणी तक्ता दिला नव्हता. आपण शब्दाचं शेपूट बदलतो, हे लोक शब्दाचं तोंड बदलतात. आणि एखादा परका माणूस 'मी पुणेला जातो' म्हणाला तर आपल्याला कळत नाही का? कळतं, आणि तो मराठी बोलला याचंच कौतुक वाटतं. बदल चुकला म्हणून वेल्शमध्ये कोणाचंही काही अडत नाही. तो कानाने येतो. तुमच्या मुलीलाही कानानेच आला.

दुसऱ्या एका बाबतीत तर तुम्ही वेल्श शिकणाऱ्या इंग्रजी भाषिकांच्या पुढे आहात. वेल्शमध्ये 'हो' आणि 'नाही'साठी सगळीकडे चालेल असा एक शब्द नाही. प्रश्नातलं क्रियापद उत्तरात परत येतं. 'आहे का?' विचारलं तर 'आहे', 'येणार का?' विचारलं तर 'येणार'. मराठीत आपण दिवसभर हेच करतो. कामावर तुम्हाला रोज विचारावं लागतं, दुखतंय का? 'ओइस गनोख खी बोइन?' उत्तर 'ओइस' आलं तर दुखतंय, 'नागोइस' आलं तर नाही. एवढे दोन शब्द ओळखता आले तरी रात्रपाळी वेगळी होते. आणि वयस्कर माणसांना 'खी' म्हणायचं, 'ती' नाही. तुम्ही आणि तू. हे तर तुम्हाला कोणी सांगायलाच नको.

शब्द मात्र उत्तरेचेच घ्या. अ‍ॅप आणि पुस्तकं कधी दक्षिणेचं देतात, कधी उत्तरेचं. तुमच्याकडे दूध 'ल्लेव्रिथ', आमच्याकडे 'ल्लाइथ'. तुमच्याकडे आजी 'नाइन', आणखी दक्षिणेला 'माम-गी'. 'आत्ता'साठी तुमचा शब्द 'रूअन' आणि दक्षिणेचा 'नाउर'. गंमत म्हणजे ही दोन्ही वेल्श अक्षरांत लिहून उलटी वाचली की एकमेकींत बदलतात. वर्‍हाडी आणि कोल्हापुरी मराठी एकमेकांना जेवढी कळते तेवढंच हे अंतर. पण ८८ वर्षांच्या माणसाशी बोलताना त्यांच्या लहानपणचा शब्दच कानावर पडायला हवा.

शुद्धतेच्या मागेही लागू नका. स्टाफरूममध्ये कान देऊन ऐका, त्यांच्या वेल्शमध्ये किती इंग्रजी शब्द आहेत ते. आपल्या बोलण्यात 'टेबल', 'डॉक्टर', 'टेन्शन' असतं तसंच. फक्त मी एक भेद करते. शब्द इंग्रजीतून आला तर येऊ दे, वाक्य वेल्श असलं पाहिजे. वाक्यच इंग्रजी झालं की मग भाषा बदलली.

सरावासाठी माणसांआधी यंत्रं वापरा, कारण यंत्र तुमच्यावर दया दाखवून इंग्रजीत बोलत नाही. एटीएममध्ये वेल्शचा पर्याय दिसला की तोच निवडा. सुपरमार्केटमध्ये स्वतः बिल करायच्या यंत्रावरही तो बऱ्याच ठिकाणी असतो. कौन्सिलचं, शाळेचं, आरोग्यसेवेचं पत्र आलं की आधी वेल्श बाजू वाचा, अडलं तर कागद उलटा. याहून चांगलं आणि फुकटचं पाठ्यपुस्तक मिळणार नाही. कौन्सिलला फोन करताना वेल्शची लाइन निवडा. ग्विनेद कौन्सिलचा तर अंतर्गत कारभारच वेल्शमध्ये चालतो, त्यामुळे पलीकडचं माणूस खरोखर वेल्शमध्ये काम करणारं असतं. पहिला फोन कचऱ्याच्या डब्याबद्दल करा. आजाराबद्दल किंवा पैशाबद्दल नको, तिथे चूक महागात पडते आणि तिथे इंग्रजी वापरायला लाज बाळगू नका.

वर्ग सोडू नका. राष्ट्रीय वेल्श शिक्षण केंद्राच्या पायऱ्यांमध्ये पहिली 'मनेडियाद' आणि दुसरी 'सिल्व्हाइन'. या दोन होईपर्यंत तरी टिकून राहा, त्यानंतर भाषा आपली आपण वाढते. त्याच केंद्राची 'शारद' नावाची योजना आहे. त्यात शिकणाऱ्याची आणि अस्खलित बोलणाऱ्याची जोडी लावून देतात, दोघांनी मिळून दहा तास गप्पा मारायच्या. आरोग्य आणि देखभालीच्या कामात असणाऱ्यांसाठी वेगळे अभ्यासक्रमही आहेत. तुमच्या व्यवस्थापकांना विचारा, कामाच्या वेळात करू द्याल का म्हणून. रुग्णाने मागायच्या आधीच त्याला वेल्शमध्ये सेवा द्यावी, हे वेल्सच्या आरोग्यसेवेचं २०१२ पासूनचं जाहीर धोरण आहे, तेव्हा तुम्ही काही जगावेगळं मागत नाही.

आणि कधी एक आठवडा मोकळा मिळाला तर तुमच्याच काउंटीत, ल्लीन द्वीपकल्पावरच्या नान्त गुर्थेइर्नला जाऊन या. दगडखाणी बंद पडल्यावर ओस पडलेलं समुद्राकाठचं ते गाव विकत घेऊन लोकांनी तिथे राहून वेल्श शिकायचं केंद्र उभारलं. दरीत उतरणारा रस्ता इतका खडा आहे की खाली पोचल्यावर इंग्रजीही वरच राहिल्यासारखी वाटते. मी तिथे पाच दिवस राहिले. तिसऱ्या रात्री मला वेल्शमध्ये स्वप्न पडलं, त्यात माझी आई सांगलीच्या घरात वेल्श बोलत होती.

आता तुमच्या यजमानांचं. त्यांचं पहिलं म्हणणं बरोबर आहे, वेल्श बोलणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या माणसाला इंग्रजी येतं. पण त्यावरून काय ठरतं? नाशिकच्या भाजीबाजारात बहुतेकांना हिंदी कळतं, म्हणून तिथे दहा वर्षं राहून मराठी न शिकणाऱ्या शेजाऱ्याबद्दल आपल्याला काय वाटतं, ते त्यांना शांतपणे विचारा. वाद घालू नका.

त्यांचं दुसरं म्हणणं मात्र मला मनापासून पटलं, आणि त्यावर माझं मत ठाम आहे. घरात मराठीच ठेवा. उत्साहाच्या भरात मुलीशी घरात वेल्श बोलायला लागू नका. तिला वेल्श शाळेतून, मैत्रिणींकडून, अंगणातून भरभरून मिळते आहे. मराठी तिला इथे रोज दोनच माणसांकडून मिळणार आहे. तुमच्या घरात मराठीला धोका वेल्शचा नाही. धोका तुम्ही दोघं दमून आल्यावर सोयीसाठी जी इंग्रजी वापरता तिचा आहे. उलट कायर्नारव्हनच्या शाळेतल्या मुलीला हे सहज कळतं की घरची एक भाषा आणि बाहेरची एक भाषा असते, कारण तिच्या वर्गातल्या निम्म्या मुलांचं कुठल्या ना कुठल्या बाजूने तसंच आहे. 'तुझ्या मैत्रिणीची नाइन तिच्याशी वेल्श बोलते, तुझी आजी तुझ्याशी मराठी बोलते', एवढं तिला पुरे होईल. वेल्श वर्गाच्या दिवशी यजमानांनी रात्री तिला मराठी गोष्ट वाचून दाखवावी. म्हणजे त्यांच्या तक्रारीतला वेळही निघेल आणि तो त्यांचाच असेल.

आणखी एक. दुकानात, दवाखान्यात, शाळेच्या फाटकाशी मुलीला दुभाषी करू नका, आणि तुमच्या चुका सुधारायलाही लावू नका. सात वर्षांच्या मुलीला आईच्या भाषेची लाज वाटायला फार वेळ लागत नाही, आणि ती लाज मग मराठीपर्यंत पोचते. घरी मात्र ती शाळेतलं गाणं म्हणत असेल तर तिच्याबरोबर म्हणा.

उरल्या त्या आजी.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं ते त्यांच्यासाठी. स्मृतिभ्रंशात पुष्कळदा नंतर शिकलेली भाषा आधी हरवते आणि पहिली उरते. हे तुम्हाला नर्स म्हणून माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. तुम्ही इंग्रजीत काय म्हणालात ते लिहिलं नाहीत, पण बहुतेक 'आता हेच तुमचं घर' असं काहीतरी असेल. आपण सगळेच ते म्हणतो. शब्द कळले नसतील, किंवा कळूनही नको असतील. त्यांनी तोंड वळवलं त्यात तुमचा दोष नाही, पण पुढच्या वेळी तुमच्याकडे दुसरं काहीतरी असायला हवं.

त्यांची समजूत घालायला जाऊ नका, तेवढं वेल्श तुमच्याकडे नाही आणि समजूत त्यांना नकोही आहे. खोलीचा मोठा दिवा लावू नका. खुर्ची ओढून पलंगाच्या उंचीवर या, म्हणजे गणवेश वर राहणार नाही. हात त्यांच्या हातावर ठेवा. त्या 'दुइशो मिन्द आद्रा' म्हणाल्या की त्यांचाच शब्द त्यांना परत द्या. 'ल्ले माई आद्रा?' घर कुठे आहे? पहिल्या ध्वनीसाठी जीभ 'ल'च्या जागी टेकवा आणि जिभेच्या कडेने हवा सोडा. नाही जमलं तर साधा 'ल' म्हणा.

त्या एखाद्या शेताचं नाव सांगतील, किंवा गावाचं. ते तसंच्या तसं परत म्हणा. पुढचं बरंचसं तुम्हाला कळणार नाही. बसून राहा, मधूनमधून 'या' म्हणा, वेल्शमध्ये तो आपल्या 'हं'सारखा हुंकार आहे, आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी तुमच्या त्या एका मैत्रिणीला विचारा की हे नाव कुठलं.